एकेचाळीस

शाळेचं नाव हार्बर लाइट अकॅडमी.
बंदर नव्हतं. कॅन्ससात कुठून येणार,
समुद्र हजार मैल लांब.
दिवा होता, हायवेकडच्या पाटीत,
त्यातलीही दोन अक्षरं कायमची विझलेली.
आधी तिथे गालिचे विकायचे.
वर्गात अजून गोंदाचा वास यायचा.

मी रजिस्ट्रार. म्हणजे टायपिस्ट.
म्हणजे खरं सांगायचं तर
बीजगणित, रसायन, इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास
सगळं मीच शिकवायचे,
दुपारी चार ते साडेचार, प्रिंटरवर.

कोच पेलम चिठ्ठी ठेवून जायचा:
टिलरीला बी प्लस. ए नको, ए डोळ्यांत येतो.
खोट्यालाही माप लागतं
हे मी त्याच्याकडून शिकले.

लाव्हॉन टिलरी गॅरीहून आला.
सहा फूट दहा, बूट सतरा नंबरचे,
दारातून वाकून येताना दर वेळी सॉरी म्हणायचा,
दाराला.
सोबत एक माणूस होता, लाव्हॉन त्याला काका म्हणायचा.
काका कुणाचाच नव्हता.
बुटांच्या कंपनीकडून खोकी यायची, काका ती आधी हलवून बघायचा.
काही खोक्यांत बूट असायचे.

आईला मोटारींच्या शोरूममध्ये नोकरी लागली.
त्या शोरूमची काच तिने कधी पाहिली नाही,
पगार मात्र न चुकता घर शोधत जायचा.

आणि जन्मतारीख. ती मी बदलली.
त्याच्या आईला एकोणीस तास कळा लागल्या होत्या
(त्यानेच सांगितलं होतं, हसत).
मला एक बटण.
पोरगा एका वर्षाने लहान झाला
आणि बाजारात एका वर्षाने महाग.

रात्री बारा गाद्यांवर बारा पोरं झोपायची,
पाय गादीबाहेर, थंड फरशीवर.
कॉलेजांचे लोक यायचे, उंच पोरांकडे मान वर करून बघायचे.
मला आधी वाटलं, आदराने.
मग कळलं, टाळूवर लोणी किती आहे ते बघतायत.

फेब्रुवारीत एकदा लाव्हॉन माझ्या टेबलापाशी थांबला.
म्हणाला, मिसेस स्टानेक,
माझा खरा किती येईल?
काय खरा?
मार्क.

मला हसू आलं, मग आलं नाही.
माझ्या मुलीचं जुनं पुस्तक घरून आणलं,
वीस प्रश्न काढले, अपूर्णांक, टक्के, एक ट्रेनचं गणित.
तो टेबलाखाली गुडघे कोंबून बसला, दोन तास,
पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.
बाहेर कोच त्याच्या नावाने ओरडत होता.
तो उठला नाही.

शंभरपैकी एकेचाळीस.
लाल पेनाने लिहिताना माझा हात कापला;
बी प्लस लिहिताना कधी कापला नव्हता.
वाटलं, रडेल.
त्याने कागद धरला, दूर नेला, जवळ आणला.
म्हणाला, ट्रेनचं बरोबर आलं?
हो, ट्रेनचं बरोबर होतं.
घडी घालून त्याने तो बुटात ठेवला, टाचेखाली.

मार्चात विचिटाला, काहीच नसलेल्या एका मॅचमध्ये,
त्याचा गुडघा गेला.
आवाज वरच्या बाकापर्यंत आला म्हणतात.
काकाचा फोन लागेना.
शोरूमचा पगार घर विसरला.
एप्रिलमध्ये पाटीतली उरलेली अक्षरंही विझली,
पेलम म्हणे नेवाडात आहे, नवीन शाळा काढतोय,
नावात डोंगर आहे.

मग असोसिएशनचे दोन वकील आले, खोकी भरून कागद घेऊन गेले.
म्हणाले, बाई, यातलं खरं कुठलं?
मी शोधलं, खरंच शोधलं,
सहा वर्षांचं माझं टायपिंग, एकही चूक नसलेलं.

खरं एकच होतं.
ते कुबड्यांवर, ग्रेहाउंड बसने,
गॅरीला गेलं होतं,
सतरा नंबरच्या बुटात.